चार सेंटिमीटर

मनामातल्या एका वर्तमानपत्रात
अकरा वर्षं मी पानं लावतोय.
बातमी मी लिहीत नाही, मी जागा देतो.
हे वाक्य पूर्वी मी ऐटीत सांगायचो.

मार्चच्या त्या आठवड्यात दोन मुली मारल्या गेल्या.
सारच्या व्हिलांमधली इमोजेन, वय चौदा.
पहिलं पान, पाच कॉलम, रंगीत.
घोड्यावर बसलेली, दातांना तारा.
शाळेच्या फाटकाशी फुलं, मेणबत्त्या, पावसाळी डोळ्यांच्या मैत्रिणी.
आत तिसऱ्या पानावर :
तिला पियानो आवडायचा,
तिच्या कुत्र्याचं नाव बिस्किट.
कुत्र्याचं नाव मला अजून आठवतं.
तिच्याबद्दल तक्रार नाही. तीही पोरच.
तिच्या बापाचा चेहरा मीच जरा उजळ केला,
रडून काळवंडला होता.

दुसरी रात्री साडेअकराला आली.
रिफा, चौथा मजला, आफ्रिकन मोलकरीण, २५,
चौकशी सुरू आहे.
टायरच्या जाहिरातीखाली
चार सेंटिमीटर उरले होते.
बसली.
एक शब्द जास्त होत होता,
'तरुण' काढला.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवर येशी नावाची बाई,
हातात मालकिणीच्या औषधांची पिशवी,
म्हणजे वाट वाकडी करून आलेली.
तिचं अरबी बरं, माझं कामचलाऊ.
नाव लिहा, म्हणाली. वु-बि-त.
आणि पंचवीस नाही, पंचवीस पासपोर्ट.
तिनं बोटं दाखवली : दहा. मग सहा.
एजंटनं वाढवलेली नऊ वर्षं
आम्ही जशीच्या तशी छापली होती.

मोबाइलवर फोटो :
कपाळावर गोंदलेला बारीक क्रूस,
हातात कलिंगडाची फोड,
हसताना मिटलेले डोळे.
मी म्हटलं, रिझोल्यूशन कमी आहे.
खोटं नव्हतं ते.
बिस्किटचा फोटोही असाच आला होता, धूसर.
त्यावर मी पाऊण तास बसलो होतो.

कुठल्या तुम्ही, मी उगाच विचारलं.
हबेशा, ती म्हणाली, छातीवर हात ठेवून.
आम्ही हबेशा.

मी मुरूडचा.
आमच्या समोर पाण्यात सिद्द्यांचा जंजिरा,
घरच्या जुन्या दस्तांत मुलखाचं नाव हबसाण.
म्हणजे मी जन्मलो तेच तिच्या माणसांच्या नावात.
आणि शाळेत एखादा पोरगा काळा दिसला
की आम्ही ओरडायचो : ए हबशी!
मीही. मी कुठे गोरा होतो, तरी मीही.
परवा ताईनं भाचीचा फोटो पाठवला स्थळासाठी,
जरा उजळ कर रे.
केला.
हात बसलाय.

संपादकांना विचारलं, दुरुस्ती देऊ या का, वय आणि नाव?
ते म्हणाले, कागदावर काय आहे?
मग, वाईट न वाटू देता :
वाचकाला पोर आपल्यातली वाटावी लागते.

सित्राच्या साइटवर लांज्याचा प्रल्हाद घडशी भोसकला गेला,
एकोणीस वर्षांचा,
तेव्हा छापलं होतं, 'आशियाई गटांत हाणामारी'.
तेव्हा मी चिडलो होतो. चारेक दिवस.
पान तेही मीच लावलं होतं.

आता रोज संध्याकाळी,
बातम्या यायच्या आधी,
पहिल्या पानाची चौकट रिकामी असते
तिच्यात खोटा मजकूर भरतात, जागा दिसावी म्हणून.
मी त्यात लिहितो, सर्वांत मोठ्या टायपात :
वुबित, सोळा.
पाच कॉलम.
मग खरी बातमी येते आणि मी ते पुसतो.

एखाद्या रात्री पुसायला विसरेन, असं म्हणतो.
अजून विसरलेलो नाही.